एका गव्हर्नराची दोन बेटे



१९५५ सालच्या नोव्हेंबरापर्यंत सिंगापूरच्या गव्हर्नरसाहेबांच्या कारभारात दोन अगदी विजोड मुलूख एकत्र नांदत होते. एक खुद्द सिंगापूर. दुसरा मुलूख तेथून दक्षिणेकडे, थोडा पश्चिमेला, सुमारे सतराशे किलोमीटर अंतरावर, हिंदी महासागराच्या ऐन मध्यात. त्याचे नाव कोकोस किंवा कीलिंग बेटे. पोवळ्यांच्या किड्यांनी रचलेली ही एकूण २७ बेटे. सगळी मिळून क्षेत्रफळ १४ चौरस किलोमीटर, आणि त्यांपैकी वस्ती दोनच बेटांवर. २३ नोव्हेंबर १९५५ रोजी ही बेटे सिंगापूरकडून काढून ऑस्ट्रेलियाच्या स्वाधीन करण्यात आली. महायुद्धात तेथे एक धावपट्टी तयार झाली होती आणि ऑस्ट्रेलियाहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या विमानांना वाटेत टेकायला ती एक जागा होती. बेटावरच्या माणसांना या बाबतीत कुणी काही विचारले नाही.

त्यानंतर दोघांच्या वाटा फुटल्या. आज सिंगापुरात साठ लाखांच्या घरात माणसे राहतात आणि जगातल्या अतिश्रीमंत देशांत त्याची गणना होते. कोकोसवर सहाशेच्या आसपास माणसे आहेत. असा विषय निघाला म्हणजे व्याख्यात्याला एक सोपी वाट खुणावते. श्रीमंत शहरात धावपळ, चिंता आणि रक्तदाब. दूरच्या बेटावर नारळाची सावली, मासळी आणि समाधान. श्रोत्यांनाही हे ऐकायला बरे वाटते, कारण घरी जाताना आपल्या गरिबीचे थोडे कौतुक वाटू लागते. आम्हाला ती वाट धरायची नाही. ती खोटी आहे, आणि कोकोसचा इतिहास वाचला म्हणजे किती खोटी आहे ते ध्यानी येते.

ही बेटे मुळात निर्जन. १८२६ साली अलेक्झांडर हेअर नावाचा एक इंग्रज मलायी मुलखातली गुलाम माणसे घेऊन तेथे येऊन राहिला. पुढच्याच वर्षी जॉन क्लुनीज-रॉस हा स्कॉटिश दर्यावर्दी आपले कुटुंब घेऊन आला. दोघांचे पटणे शक्य नव्हते. हेअर काही वर्षांत निघून गेला आणि रॉस घराणे राहिले ते दीडशे वर्षे राहिले. १८५७ साली ब्रिटिशांनी बेटांवर आपला ध्वज लावला आणि १८८६ साली व्हिक्टोरिया राणीने ती या घराण्याला वंशपरंपरा बहाल करून टाकली. मधल्या काळात १८३६ साली तरुण चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजातून येथे येऊन गेला. पोवळ्यांची कंकणाकृती बेटे कशी घडतात याविषयीचा त्याचा प्रसिद्ध सिद्धान्त पडताळून पाहायला त्याला हेच ठिकाण मिळाले.

डार्विनाला पोवळी दिसली. आपण माणसांकडे पाहू. मलायी मजुरांनी नारळ गोळा करायचे, सोलायचे, खोबरे वाळवायचे आणि ते मालकाने जहाजात भरायचे, असा तेथला व्यवहार. मजुरी मिळे ती मालकाने स्वतः पाडलेल्या नाण्यांत. ही नाणी प्रथम हस्तिदंती आणि नंतर चक्क प्लास्टिकची होती, आणि त्यांचे नाव होते रुपया! आपल्या रुपयाची अशी विटंबना आणखी कुठे झाली असेल असे आम्हाला वाटत नाही. हा रुपया चाले फक्त मालकाच्या दुकानात. बेटाबाहेर त्याला कवडीची किंमत नव्हती, आणि म्हणून बेटाबाहेर जाणाऱ्याच्या हाती आयुष्यभराच्या कष्टांपैकी काहीही उरत नसे. जो गेला त्याला परत येण्याची मुभाही नव्हती. महायुद्धानंतर वस्ती फुगली, नारळावर तेवढी तोंडे पोसेनात, तेव्हा शेकडो माणसे उत्तर बोर्निओत, ख्रिसमस बेटावर आणि काही सिंगापुरातही जाऊन राहिली.

कुणी म्हणेल, पण घर होते, अन्न होते, औषधपाणी होते, चोरीमारी नव्हती. खरे आहे. हे सगळे होते आणि रॉस घराण्यातले काही पुरुष प्रेमळही असतील. परंतु माणसाला आपल्या कष्टाचे पैसे खिशात घालून गावाबाहेर पडता येत नसेल, तर त्या गावच्या शांततेला शांतता म्हणावे काय?

१९७४ साली संयुक्त राष्ट्रसंघाचे पथक बेटांवर येऊन गेले आणि हा प्रकार जगापुढे आला. १९७८ साली ऑस्ट्रेलियन सरकारने ६२ लाख ५० हजार डॉलर मोजून घराण्याकडून जवळजवळ सर्व जमीन विकत घेतली. घराणे आनंदाने विकावयास तयार नव्हते. सक्तीने ताब्यात घेऊ, असा धाक घालावा लागला. मग ६ एप्रिल १९८४ हा दिवस उजाडला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली बेटावरील प्रौढ स्त्रीपुरुषांनी मतदान केले. पर्याय तीन होते: स्वतंत्र व्हावे, ऑस्ट्रेलियाशी सैल नाते ठेवावे, की ऑस्ट्रेलियात पूर्ण विलीन व्हावे. विलीन होण्याच्या बाजूने २२९ मते पडली, सैल नात्यासाठी २१ आणि स्वातंत्र्यासाठी फक्त ९.

आपल्यासारख्या, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या देशात हा निकाल विचित्र वाटतो. पण क्षणभर त्यांच्या जागी उभे राहून पहा. त्यांच्या पाठीवर परक्या सरकारापेक्षा जवळच्या मालकाचे ओझे जड होते. दूरच्या पार्लमेंटाचा कायदा हा त्यांना त्या मालकापासून सुटण्याचा रस्ता वाटला. त्यांनी स्वातंत्र्य नाकारले असे आम्ही म्हणणार नाही; सुटकेची आपल्याला परवडणारी रीत त्यांनी निवडली.

आता सिंगापूरकडे वळू. येथे एक गंमत आहे. १ सप्टेंबर १९६२ रोजी सिंगापुरातही सार्वमत झाले आणि तेथेही पर्याय तीनच होते. पण तिन्ही पर्याय मलेशियात सामील होण्याचेच. फरक फक्त कोणत्या अटींवर, एवढाच. सामील होऊ नये असे म्हणणाऱ्याला खूण करायला चौकोनच नव्हता, म्हणून सुमारे पाव मतदारांनी कोरी मतपत्रिका टाकली. पुढच्या वर्षी विलीनीकरण झाले, आणि दोन वर्षांत, ९ ऑगस्ट १९६५ रोजी, मोडले. त्या दिवशी पंतप्रधान ली क्वान यू दूरचित्रवाणीवर बोलताना रडले. म्हणजे पहा, ज्यांना विचारले त्या कोकोसवासीयांनी स्वातंत्र्य नको म्हटले आणि ज्यांना कधी विचारलेच नाही त्या सिंगापूरकरांच्या गळ्यात ते येऊन पडले.

गळ्यात पडलेल्या या स्वातंत्र्याचे त्यांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही फार वेळ घेत नाही. २५ मे १९६१ रोजी बुकिट हो स्वी या झोपड्यांच्या वस्तीला आग लागून सुमारे १६ हजार माणसे एका दिवसात बेघर झाली होती. १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने तेथे आणि सगळ्या शहरभर इमारतींमागून इमारती उठविल्या, आणि आज तेथील कायम रहिवाशांपैकी पाऊण हिश्शाहून अधिक लोक मंडळाच्या सदनिकांत राहतात. सदनिका आपली, पण ९९ वर्षांच्या पट्ट्याने. शेजारी कोण असावा यालाही नियम आहे: १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलायी आणि भारतीय यांचे प्रमाण ठरवून दिलेले असते. आपल्याकडची जी मुले तेथे नोकरीसाठी जातात त्यांना स्वच्छता, सुरक्षितता आणि वक्तशीरपणा यांची भुरळ पडते, आणि पडावी अशीच ती आहे. पण मोटार घ्यावी असे एखाद्याच्या मनात आले, तर गाडीच्या किमतीवर आणखी फक्त दहा वर्षे ती बाळगण्याचा परवाना लिलावात बोली लावून घ्यावा लागतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मोठ्या मोटारीच्या परवान्याची बोली दीड लाख सिंगापूर डॉलरांवर गेली. कोकोसच्या होम आयलंडवर मलायी मंडळी गोल्फच्या मैदानावरच्या बुटक्या गाडीतून मशिदीत आणि दुकानात जातात.

दोन्हीकडच्या रोजच्या जगण्यातली एकच बाब आम्ही जरा सविस्तर घेतो. ती म्हणजे पाणी. बेटाची खरी परीक्षा पाण्यात होते. सिंगापुरात पाऊस भरपूर, पण तो साठवायला जमीन नाही. १९६२ च्या करारान्वये शेजारच्या जोहोर राज्यातून नळाने पाणी येते आणि तो करार २०६१ साली संपतो. शेजारी रुसला तर काय, या एका धास्तीने त्या सरकारला कितीतरी गोष्टी शिकविल्या. २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणले जाते आणि २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने चालतात. कोकोसवर नदी नाही, ओढा नाही, डोंगर तर नाहीच. पावसाचे पाणी पोवळ्यांच्या वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसे, तरंगत राहते. ही साय अलगद काढावी लागते. उपसा जास्त झाला की खालचे खारे वर आलेच.

शिक्षणाची आणि आजारपणाची गोष्टही तशीच. कोकोसवर शाळा दहावीपर्यंत. पुढे शिकायचे तर मुलाने विमानात बसायचे. गरोदर बाईने दिवस भरत आले की जवळजवळ तीन हजार किलोमीटरांवरच्या पर्थला जाऊन राहायचे. म्हणजे बेटावर वाढलेल्या मुलाचा जन्म बेटाबाहेरचा. सिंगापुरात प्रसूतीची सोय जगात उत्तम म्हणावी अशी, तर तेथे मुलेच होत नाहीत. २०२३ साली दर स्त्रीमागे मुलांचे सरासरी प्रमाण एकाच्याही खाली उतरले.

पण सिंगापूर म्हणजे सगळेच शहर नव्हते, हे आपण विसरतो. त्याच्या दक्षिणेला लहान लहान बेटे आहेत आणि त्यांवर कोकोससारखीच मलायी कोळ्यांची गावे होती. पाण्यात खांब रोवून बांधलेली घरे, दाराशी होडी. सेमाकाऊ हे त्यांपैकी एक. १९७० च्या दशकात तेथील माणसांना मुख्य भूमीवरील सदनिकांत हलविण्यात आले. त्यांना वीज मिळाली, नळ मिळाला, मुलांना चांगली शाळा मिळाली. आणि सेमाकाऊवर १९९९ पासून शहराच्या जाळलेल्या कचऱ्याची राख टाकण्यात येते. काम अतिशय नेटके आहे, दुर्गंधी नाही, पाहायला पर्यटकही जातात. आम्हाला तेथे एवढेच आठवते की राखेच्या जागी गाव होते.

ही आठवण आम्ही आत्ताच काढली, त्याला कारण आहे. समुद्र वर चढतो आहे आणि दोन्ही बेटे सखल आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरच्या पंतप्रधानांनी सांगितले की, किनारा राखण्यासाठी येत्या शंभर वर्षांत १०० अब्ज डॉलर, किंबहुना अधिक, खर्चावे लागतील. हा आकडा उच्चारताना त्यांचा आवाज चढला नाही. भराव घालघालून ज्यांनी १९६० च्या सुमारास ५८० चौरस किलोमीटर असलेला देश ७३० च्या वर नेला, ते समुद्राशी अशाच भाषेत बोलणार.

कोकोसची होम आणि वेस्ट ही दोन्ही बेटे समुद्रसपाटीपासून काही मीटर एवढीच उंच. समुद्र चढला की किनारा खचतो आणि ती गोड्या पाण्याची सायही पातळ होते. तेथील किनाऱ्याच्या भवितव्याविषयी ऑस्ट्रेलियन सरकारचा एक मसुदा २०२४ च्या सुमारास लोकांपुढे आला. भिंती बांधीत राहण्यापेक्षा वस्ती पुढच्या काही दशकांत टप्प्याटप्प्याने हलवावी, असा पर्याय त्यात मांडलेला आहे. हिशेब बरोबर असेलही. सहाशे माणसांसाठी किती भिंत बांधावी, याचे गणित कुठल्याही खजिनदाराला सुटते. पण हे गणित कोण मांडतो ते पहा. कोकोसला १९९२ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियाचे कायदे लागू आहेत, आणि त्या राज्याच्या विधिमंडळासाठी तेथील माणसाला मत नाही. संघराज्याच्या पार्लमेंटासाठी मत आहे, तेही हजारो किलोमीटर दूरच्या उत्तर प्रांतातील मतदारसंघात, जेथे उमेदवाराला कोकोसची मते हिशेबात धरण्याचीही गरज पडत नाही. १९८४ साली त्या २२९ जणांनी ज्या देशावर भरवसा टाकला, त्या देशाच्या कारभारात त्यांचे वजन हे एवढे.

बेटावरची मंडळी मसुद्यावर नाखूश आहेत आणि तसे त्यांनी बोलून दाखविले आहे. आजे-पणजे ज्या वाळूत पुरले ती वाळू सोडून पर्थच्या उपनगरात राहायला जाणे त्यांना मान्य नाही. पूर्वी जो बेट सोडी त्याला परत येऊ देत नसत. आता जे राहू पाहतात त्यांना राहता येईल की नाही, हा प्रश्न आहे. १९८४ साली निदान तीन पर्याय लिहिलेला कागद त्यांच्या हाती दिला गेला होता. या वेळी तसा कागद निघणार की नाही, आणि निघाला तर त्यावर राहण्याचा पर्याय असणार की नाही, हे तेथे अजून कुणी सांगितलेले नाही.