कंत्राटी कामगाराचे वेतन आणि मूळ मालकाची जबाबदारी

(दिल्लीतील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपला पगार बँकेत जमा होतो. त्यातून काय कापले, ते पगारपत्रकावर दिसते. पण आपल्याच फलाटावर झाडू मारणारा, गाडीचे डबे धुणारा, टपालाच्या पिशव्या उचलणारा कंत्राटी कामगार घ्या. त्याला गेल्या महिन्यात किती मिळाले, कोणत्या तारखेला मिळाले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आम्ही हा प्रश्न प्रशासनापुढे मांडतो तेव्हा ठरलेले उत्तर मिळते : "तो कंत्राटदाराचा विषय आहे." साथींनो, हे उत्तर कायद्याला मान्य नाही. याच दिल्लीत १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलेले आहे.

त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी येथे स्टेडियम, उड्डाणपूल आणि खेळाडूंची वसाहत उभी राहत होती. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून जमादारांमार्फत मजूर आणले होते. किमान वेतन रोजी ९ रुपये २५ पैसे होते. कंत्राटदार पैसे जमादाराच्या हाती देई. जमादार १ रुपया दलाली कापून मजुराला ८ रुपये २५ पैसे देई. महिलांच्या हातावर तर ७ रुपयेच पडत, अशी तक्रार होती. 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले.

१८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल लागला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या अनुच्छेद २३ ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे, असे न्यायालयाने ठरवले. चाबूक उगारला तरच सक्ती होते असे नाही, भूक आणि दारिद्र्य हीसुद्धा सक्तीच आहे. आणि काम कंत्राटावर दिले म्हणून केंद्र सरकार, दिल्ली प्रशासन व दिल्ली विकास प्राधिकरण यांना हात झटकता येणार नाहीत. कायदा पाळला जातो की नाही, हे पाहणे त्यांचेही कर्तव्य आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० कामगारांपासून लागू होत असे. नव्या संहितेने ती मर्यादा ५० वर नेली, म्हणजे लहान कंत्राटे त्यातून निसटली. याला आमचा विरोध आहे आणि राहील. पण लढताना हातातले हत्यार टाकायचे नसते. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते मूळ मालकाने द्यावे व कंत्राटदाराकडून वसूल करावे, हे तत्त्व संहितेतही कायम आहे. वेतन संहितेला तर कामगारसंख्येची अट नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाले पाहिजे. पगारपत्रक दिलेच पाहिजे. थकबाकीचा दावा ३ वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे.

आता कपातीकडे पाहू. प्रॉव्हिडंट फंडात कामगाराचे सामान्यतः १२ टक्के कापतात, तेवढाच वाटा मालकाने घालायचा असतो. राज्य विमा योजनेत कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. मालकाचा वाटाही कामगाराच्याच वेतनातून कापणे बेकायदा आहे. आणि कापलेली रक्कम फंडात न भरणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. महाराष्ट्रातून बदलून आलेल्यांना व्यवसाय कर माहीत आहे. दिल्लीत तो कर नाही. येथे कोणी त्या नावाने पैसे कापले तर विचारा, कोणत्या कायद्याने?

म्हणून आमचे प्रत्येक शाखेला सांगणे आहे :

१) आपल्या स्टेशनात, कार्यालयात कोणकोणती कंत्राटे आहेत व त्यांत किती कामगार आहेत, याची यादी करा.

२) दर महिन्याच्या ८ तारखेला त्यांना भेटा, पगारपत्रक पाहा. पत्रक नसेल तर बँकेचे पासबुक आणि हजेरी ताडून पाहा.

३) फंडाचे खाते त्यांच्यासमवेत मोबाइलवर उघडून, भरणा झाला का ते तपासा.

४) तफावत दिसली तर तक्रार लेखी करा. एक प्रत मूळ मालक म्हणून आपल्या प्रशासनाला आणि एक केंद्रीय श्रम आयुक्तांच्या कार्यालयाला द्या. पोच घ्या. तक्रार शाखेच्या नावाने करा. एकट्या कामगाराचे नाव पुढे केले, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाते.

साथींनो, कोणी म्हणेल, ते आपले सभासद नाहीत, वर्गणी देत नाहीत. पण आज जे काम कमी मजुरीत उरकते, तीच जागा उद्या कायम पदांच्या यादीतून वगळली जाते. त्यांच्या वेतनाची राखण करणे म्हणजे आपल्याच जागांची राखण करणे होय. येत्या ८ तारखेपासून कामाला लागू या.

कामगार एकजुटीचा विजय असो!