सूर्याची वीज आणि माहितीची कोठारे



चालकांनी आम्हाला विषय सुचवला तेव्हा आम्ही जरा बिचकलो. आमचे शालेय शिक्षण बेताचे. विजेबद्दल जे थोडे कळते ते कारखान्यांच्या गेटवर, वीजबिलांच्या पाठीवर आणि वाचनालयाच्या बाकावर मिळवलेले. पण जो प्रश्न आपल्या खिशाशी आणि पाण्याशी येऊन भिडतो, तो केवळ पंडितांवर सोपवून चालत नाही, असे आमचे मत आहे.

प्रश्न असा. आपण मोबाइलवर एखादे चित्र पाहतो, पैसे पाठवतो, यंत्राला प्रश्न विचारतो. हे सारे काम आपल्या हातातला मोबाइल एकटा करीत नाही. कुठेतरी मोठ्या इमारतीत हजारो सर्व्हर रांगेने उभे असतात; ते करतात. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. आम्ही त्यांना माहितीची कोठारे म्हणतो. आपल्या राज्यात ती नवी मुंबईकडे, ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात उभी राहिली आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2024 साली जगातील अशा कोठारांनी सुमारे 41,500 कोटी युनिट वीज खाल्ली. जगातील एकूण विजेच्या हा दीड टक्का होतो. 2030 पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल, असे तीच संस्था सांगते. मालक म्हणतात, काळजी नको, आमची वीज सूर्याची आणि वाऱ्याची आहे. मग पर्यावरणाचे भले झाले म्हणायचे काय?

येथे एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्याने छपरावर सौरपट्ट्या बसवल्या आणि ‘हा कारखाना सूर्यावर चालतो’ असा फलक गेटवर लावला. रात्रपाळीला निघालेला एक कामगार त्या फलकाखाली थांबून आम्हाला म्हणाला, “भाऊ, दिवसपाळीचं पटलं. पण आमच्या पाळीला कुठला सूर्य येतो?” आम्ही तेव्हा हसलो. पुढे वाचन वाढले तसे कळले, की साऱ्या वादाची किल्ली त्या प्रश्नात होती.

कारण असे, की विजेच्या तारेत सूर्याची वीज वेगळी आणि कोळशाची वेगळी धावत नाही. चार विहिरींचे पाणी एकाच हौदात पडावे, तसे ते असते. ‘हरित वीज’ हा पुष्कळदा हिशेबाचा शब्द असतो. वर्षभरात जेवढी वीज खाल्ली तेवढी सौर वा पवनवीज विकत घेतली, की ताळेबंद जुळला. आपल्या देशात 2011 सालापासून अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रेही बाजारात विकली जातात. एक प्रमाणपत्र म्हणजे 1,000 युनिट. पण समजा, एखाद्या मालकाने वर्षाअखेर सांगितले की सरासरीने आमचे मस्टर पूर्ण भरले आहे. रात्री दोन वाजता यंत्रावर कोण उभे होते, हे आपण विचारणार की नाही? सर्व्हरला तर सुट्टी नाही, पाळी नाही. तो आठही प्रहर जागा असतो. सूर्य मावळला की बॅटरी, वारा किंवा धरणाची वीज हाताशी नसेल, तर त्याची भूक कोळसाच भागवतो.

ही केवळ आमची शंका नव्हे. गूगल कंपनीने 2017 सालीच वार्षिक हिशेब पूर्ण जुळवला होता. तरी 2020 मध्ये तिनेच जाहीर केले, की 2030 पर्यंत प्रत्येक तासाचा हिशेब जुळवू. म्हणजे वर्षाचा हिशेब पुरेसा नाही, हे तिनेच मान्य केले. आणि 2019 ते 2023 या काळात तिचे कर्बउत्सर्जन 48 टक्क्यांनी वाढले, हेही तिच्याच अहवालात आहे.

आपल्या देशाचे चित्र पाहा. 2025 च्या मध्यास वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल, वायू यांच्याविना झाली. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे. क्षमता म्हणजे हजेरीपटावरची नावे. निर्मिती म्हणजे झालेले काम.

आता आमच्या मराठवाड्याकडे येऊ. येथल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री, विंचूकाट्यातून जाऊन मोटार सुरू केली, कारण त्याच्या फिडरला वीज पुष्कळदा तेव्हाच मिळे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याला दिवसा वीज देण्यासाठी निघाली. मोटार दिवसा चालली तर पीक तक्रार करीत नाही. सूर्याची वेळ आणि गरजेची वेळ जुळते. सर्व्हरचे तसे नाही. म्हणून आहे ती सौरवीज कोठारांच्या नावावर लागली आणि बाकीच्यांच्या वाट्याला कोळसा राहिला, तर हवा तिळभरही सुधारली नाही; फक्त पाटी बदलली. मुंबईत ट्रॉम्बे येथे कोळशाची वीज 2023 अखेर थांबवावी असे ठरत होते. तिला मुदतवाढ मिळाली. शहराची वाढती मागणी हे त्याचे कारण, आणि त्या मागणीत कोठारांचाही भाग आहे. धूर मात्र माहुलच्या माणसांच्या छातीत जातो.

पाण्याचेही तेच. सर्व्हर तापतात, त्यांना थंड ठेवावे लागते. पाण्याच्या बाष्पीभवनाने थंड केले तर वीज वाचते पण पाणी जाते. हवेने केले तर पाणी वाचते पण वीज अधिक लागते. नळाला आठवडाआठवडा पाणी न आलेले दिवस या शहराने पाहिले आहेत. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा हा हिशेब आपण मागितलाच पाहिजे.

पण न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परळीचे औष्णिक वीजकेंद्र 2015 साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. सौरपट्टीला त्या मानाने पाणी फारच थोडे लागते. धूर नाही, राख नाही. तरीही ती वीज फुकटची नव्हे. आमच्या नाथसागरावर तरंगत्या सौरप्रकल्पाची योजना आली, तेव्हा पैठणच्या कहार समाजाच्या संस्थेने पक्षी अभयारण्याचा प्रश्न घेऊन हरित लवादाकडे दाद मागितली. 2024 मध्ये लवादाने व 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. तो प्रकल्प सर्व्हरसाठी होता असे आम्ही म्हणत नाही. पण स्वच्छ वीजही कुणाच्या तरी जमिनीवर, कुणाच्या तरी जाळ्याच्या जागेवर उभी राहते, हे विसरू नये.

तेव्हा आमचे उत्तर असे. उपयोग होतो, पण चार अटींवर. वीज नवी निर्माण केलेली असावी, दुसऱ्याच्या ताटातली ओढलेली नसावी. हिशेब तासातासाचा असावा आणि तो जनतेपुढे मांडावा. जे काम थांबू शकते ते उन्हाच्या वेळी करावे. आणि पाण्याचा आकडा विजेच्या आकड्याशेजारी छापावा. या अटी पाळणाऱ्याचे आम्ही उघड कौतुक करू.

उद्या शेंद्रा-बिडकीनकडे असे एखादे कोठार आले, तर त्याला विरोध करा असे आम्ही सांगणार नाही. आमच्या पोरांनाही काम हवे आहे. मात्र गेटवरचा फलक वाचून परत फिरू नका. आत जाऊन मस्टर मागा, आणि पहिले रात्रपाळीचे पान उघडा.