चरा किती खोल, ते आधी बघा

बंगळुरूच्या शिवाजीनगरातून बोलतोय. रसेल मार्केट इथून जवळ आहे, त्यामुळे मधूनमधून हॉर्न ऐकू येतील, तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो जिना चढून माझ्याकडे आला. खालच्या मजल्यावर मिरजेकडचं एक तरुण जोडपं भाड्याने राहत होतं. त्यांना घर सोडायचं होतं. बंगळुरूत डिपॉझिट भरपूर घ्यायची जुनी रीत आहे, काही ठिकाणी तर दहा महिन्यांचं भाडं. घर सोडताना ते परत मिळवणं हा एक वेगळाच उद्योग. मालक येऊन बघून गेला आणि म्हणाला, कपाटाच्या दोन्ही दारांवर चरे पडलेत, दोन्हींवर नवीन सनमायका बसवावा लागेल, तो खर्च मी कापून घेणार. मुलगी रडवेली झाली होती. "काका, तुम्ही घरी काहीतरी ठोकत-घासत असता. यातलं काही होईल का?"

फौजेत असताना आमचीही हीच गत असायची. क्वार्टर मिळालं की एमईएसचं फर्निचर मोजून ताब्यात घ्यायचं, बदली झाली की मोजून परत द्यायचं. काही मोडलं-तुटलं असेल तर 'बॅरॅक डॅमेजेस' भरायचे. म्हणून सामान बांधायच्या आठवड्यात आमच्या घरी पॉलिश पेपर, लाखेचं पॉलिश आणि जुन्या बनियनचे बोळे तयार असत. टेबलावरचा ओरखडा घासला, पॉलिशचे दोन हात मारले की काम संपलं. पण ते फर्निचर लाकडाचं होतं. रिटायर झाल्यावर मी हीच विद्या घरच्या सनमायकाच्या टेबलावर चालवली. बारीकसा चरा होता. पाच मिनिटं घासल्यावर तिथे तळहाताएवढा पांढुरका डाग पडला, तो आजही आहे. बायको त्यावर फुलदाणी ठेवते आणि पाहुणे आले की ती मुद्दाम उचलते.

तर मंडळी, लॅमिनेट म्हणजे लाकूड नव्हे, कागद आहे. अमेरिकेत 1913 च्या सुमारास विजेच्या कामात अभ्रकाला पर्याय म्हणून हा प्रकार निघाला. अभ्रक म्हणजे मायका, आणि 'फॉर मायका' म्हणून त्याचं नाव फॉर्मायका. आपण ज्याला सनमायका म्हणतो तेही मुळात एका ब्रँडचंच नाव. रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी कागदाचे थर, त्यावर नक्षीचा एक कागद, काही वेळा त्यावर पारदर्शक संरक्षक थर, हे सगळं उष्णता आणि प्रचंड दाब देऊन एकजीव करतात. पूर्ण शीट साधारण एक मिलिमीटर जाडीचं, आणि त्यातला रंग-नक्षीचा भाग तर अगदीच पातळ. घासलं की तोच जातो, आणि खाली पुन्हा पॉलिश करायला काही उरत नाही.

म्हणून हत्यार उचलण्याआधी रेकी करा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ फडकं घट्ट पिळून पुसा, कोरडं करा. खालच्या घरातल्या नऊ चऱ्यांपैकी चार इथेच गेले. ते चरे नव्हतेच. बॅगेच्या चाकांचं काळं रबर दाराला लागलं होतं. शाळेचा खोडरबर फिरवला की असे डाग निघतात. पेनाची शाई किंवा टेपचा चिकटपणा असेल तर बोळ्याला थोडं स्पिरिट लावून पुसा, आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात तपासून.

उरलेल्यांवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर चरा फक्त वरच्या थरात आहे. त्याच्या तुटक्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. तिथे मेणाचं फर्निचर पॉलिश थोडंसं चोळा, जरा थांबा, कोरड्या फडक्याने चमकवा. खोबरेल तेलाचा उपाय सगळेच सांगतात. तेलाने चरा दिसेनासा होतो खरा, पण काही दिवसांनी परत वर येतो आणि येताना धूळ घेऊन येतो. मालक यायच्या तासभर आधी तेल लावायचा सल्ला त्या मुलाला ऑफिसात कुणीतरी दिला होता. मी म्हटलं, ते माझ्या हातून होणार नाही.

नख अडकलं तर चरा नक्षीच्या खाली गेला. आत तपकिरी रेघ दिसत असेल तर ते लॅमिनेटचे कागद आहेत, बोर्ड अजून सुरक्षित आहे. पण बरंचसं तयार फर्निचर प्री-लॅम बोर्डाचं असतं. त्यात नक्षीचा कागद थेट भुशाच्या बोर्डावर दाबलेला असतो, मधले थर नसतात. चरा खोल गेला की सरळ बोर्ड उघडा पडतो, आणि त्याला पाणी लागलं की तो फुगतो. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. म्हणून स्वयंपाकघरात आणि बेसिनजवळ असा चरा दिसला तर शोभेचा विचार नंतर, भोक आधी बुजवा. आपलं फर्निचर कुठल्या जातीचं, हे कळायला हँडलचा स्क्रू काढून भोकाच्या काठावर टॉर्च मारा. मिलिमीटरभर गडद पट्टी दिसली तर वेगळं लॅमिनेट चिकटवलेलं आहे.

आता भरण्याचं काम. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन रंगीत मेणाच्या कांड्या मिळतात. रंग जुळवायला मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. एखादा सुटा कप्पा किंवा ड्रॉवर काढून दुकानात न्या आणि दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात धरून बघा. मी दोन कांड्या घेतल्या, एक फिकी, एक गडद. चऱ्याच्या काठावर वर आलेला कण असेल तर ब्लेड आडवं धरून फक्त तेवढाच छाटा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. कांडी बोटांत जरा गरम करून चऱ्याला आडवी दाबत न्या. आधी फिका रंग भरा, मग लाकडाच्या रेषा जिथे जातात तिथे गडद रंगाचा स्पर्श द्या. जुन्या एटीएम कार्डाच्या काठाने जास्तीचं मेण काढा आणि मऊ फडक्याने पुसा. पहिल्या चऱ्याला मला अर्धा तास लागला, शेवटच्याला सात-आठ मिनिटं.

मेणाला उष्णता चालत नाही. गरम पातेलं जिथे टेकतं तिथे दोन भागांचं इपॉक्सी वापरा, त्यात चिमूटभर रंगाची पूड मिसळा, आणि घट्ट होण्याआधीच सपाट करा, कारण नंतर घासायची सोय नाही. पारदर्शक म्हणून मिळणारं इपॉक्सी बऱ्याचदा किंचित पिवळसर असतं, पांढऱ्यावर ते कळतं. चकचकीत पांढऱ्या शटरवरचा खोल चरा घरी पूर्णपणे नाहीसा होत नाही. होतो म्हणून सांगणाऱ्याने तो कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला असतो. लाकडी नक्षीच्या मॅट दारावर मात्र काम छान लपतं. तारेची घासणी, ॲसिड आणि अर्थातच पॉलिश पेपर कुठेच नको. फुलदाणी आठवा.

खालच्या घरात शेवटी दोन जागा उरल्या. एका दाराच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, तो भरला तरी बोट लावल्यावर समजत होता. आणि बाथरूमच्या बाजूची कपाटाची खालची पट्टी पाणी लागून फुगली होती. त्या पट्टीला मी हात लावला नाही. मुलीला म्हटलं, या दोन्ही जागा मालकाला तूच आधी दाखव, आणि काय भरलंय तेही सांग. तिला ते पटलं नाही. "काका, आपणहून कशाला सांगायचं?" नवराही तिच्याच बाजूने होता. मी एवढंच म्हटलं की मेणाचं काम नखाने उकरलं तर निघतं. महिन्याने त्याच्या लक्षात आलं तर तो तुमचं बाकीचं बोलणंही खोटं धरेल.

शनिवारी मालक आला. तिने त्याला दारासमोर उभं केलं, टॉर्च हातात दिली आणि नऊच्या नऊ जागा दाखवल्या. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग पट्टीचे पैसे कापले, दारांचे सोडले. जाताना माझ्याकडे वर आला आणि विचारलं, ती कांडी कुठल्या दुकानात मिळाली.