शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र

शस्त्रक्रिया सुखरूप झाली, पेशंट वॉर्डात आला, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण पहिली रात्र जपायची असते. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी श्वास मंदावतो. काही तासांनी होणाऱ्या फेरीत हे निसटतं, कारण नर्सची चाहूल लागताच पेशंट जागा होतो, नीट श्वास घेऊ लागतो! म्हणून बोटाला रात्रभर लावलेला ऑक्सिमीटर मोलाचा. तो बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतो. ऑक्सिजनयुक्त रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा हिशेब लागतो. ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७४ची. अमेरिकेत डार्टमथच्या रुग्णालयात एका अस्थिशस्त्रक्रिया वॉर्डात अशी अखंड नजर ठेवली, तेव्हा जीव वाचवायला धावण्याचे प्रसंग हजार रुग्णांमागे ३.४ वरून १.२ वर आले. केवढा फरक हा!

नेलपॉलिश पुसा, गार बोट उबदार करा, नाहीतर आकडा चुकतो. आणि नाकाला ऑक्सिजनची नळी असेल, तर श्वास मंदावला तरी आकडा उशिरा उतरतो. पेशंट हाकेला नीट ओ देत नसेल, घोरणं मध्येच थांबत असेल, तर पडद्यावर ९७ दिसत असले तरी लगेच नर्सला बोलवा.