मलिक अंबर

आपल्या बार्शीपासून परांड्याचा किल्ला जवळच. तिथली एक हकिगत आम्ही सांगतो.

आफ्रिकेतल्या इथिओपिया देशातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. हातोहाती विकला जात तो अहमदनगरास आला. तोच मलिक अंबर. सन १६०० मध्ये मोगलांनी नगर घेतलं. तेव्हा त्यानं परांड्यास निजामशाही पुन्हा उभी केली. मराठे सरदार जोडले. पुढं तिचा सारा कारभार पाहिला.

त्या काळी सारावसुलीचा मक्ता देत. मक्तेदार रयतेला नाडी. अंबरानं मक्तेदारी मोडली. जमीन आणि पीक पाहून सारा ठरवला. सन १६२६ मध्ये तो वारला.

माणूस आला परमुलखातून, पण झाला इथल्या रयतेचा. आपलं देणं आपल्याला ठाऊक असावं. तुम्ही आता वाचू लागलात. मग आपला सातबारा आपणच वाचा!