मनाची विचारपूस

कपाशीचे पीक हातचे गेले, सावकाराचा तगादा सुरू झाला आणि घरचा कर्ता माणूस रात्र रात्र जागू लागला, भरल्या ताटावरून उठू लागला, की ‘काळजी आहे, दुसरे काय’ असे म्हणून आपण ती गोष्ट सोडून देतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक टिकणारे असे औदासीन्य हा इलाज होण्याजोगा आजार असू शकतो. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्त्यांकरवी समुपदेशन पोहोचविले, आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेले. म्हणून उपदेश आवरता घेऊन शेजाऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो बळावत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास फवारणीची औषधे कुलूपबंद करावी, त्याला एकटे न सोडता अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय वा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठावे. धीर देणाऱ्यानेही स्वतःची झोप सांभाळावी, आणि आपला भार असह्य झाल्यास अहोरात्र विनामूल्य चालणाऱ्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर निःसंकोच बोलावे.