जुन्या खेळाची जुनी मासिके



गेल्या आषाढात माझ्या घरी विलायतेहून एक खोके आले. ते घेऊन आला माझा पुतण्या. त्याचे वय आज छप्पन्न आहे, जन्म व शिक्षण तिकडचेच. मराठी मात्र स्वच्छ बोलतो. खोक्यात शंभराहून अधिक जुनी इंग्रजी मासिके होती. काहींच्या टाचण्यांस गंज चढलेला, काहींची मुखपृष्ठे सुटलेली. "काका, ही तुमच्या घरी असावीत असे मला वाटते," असे म्हणून तो हसला. त्या हसण्याचा अर्थ मला तत्काळ कळला. श्रोत्यांस तो पुढे कळेल.

ही मासिके एका खेळाविषयीची आहेत. त्या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. चारपाच मंडळी मेजाभोवती बसतात. त्यांतील एकाने सूत्रधार व्हावयाचे. त्याच्यापुढे एक आडोसा आणि आडोशामागे भुयाराचा नकाशा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यावयाचे. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, "समोर लोखंडी दार आहे, आतून घरघर ऐकू येते." खेळाडू म्हणतो, "मी दाराला कान लावतो." मग फासा टाकावयाचा. हा फासा सारीपाटाच्या फाशासारखा लांबोडका नव्हे. त्यास चार, आठ, बारा, वीस अशा बाजू असतात. फाशाने अनुकूल दान दिले तर ऐकू येते, न दिले तर येत नाही. या खेळात शेवटी कोणी जिंकत नाही. तीच पात्रे पुढच्या आठवड्यास पुन्हा भेटतात, आणि ही कथा वर्षानुवर्षे चालू शकते. आमच्या कीर्तनकारांस व सोंगाड्यांस यात काही परके वाटू नये. फरक इतकाच, की येथे श्रोतेही कथेत शिरतात आणि पुढे काय घडणार हे बुवांसही ठाऊक नसते.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की मी जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण झालो ते हेच वर्ष. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. गायगॅक्स हे पूर्वी विमा कंपनीत नोकरीस होते. ती गेल्यावर त्यांनी काही काळ जोडे दुरुस्त करून संसार चालविला. विस्कॉन्सिन प्रांतातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी त्यांच्या घरातच तीन पुस्तिका हातांनी पेट्यांत भरून विक्रीस निघाल्या. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती.

परंतु त्या तीन पुस्तिका वाचून खेळ समजणे कठीण. नियम त्रोटक, मांडणी विस्कळीत, आणि कित्येक गोष्टी पूर्वीच्या शिपायांच्या खेळातून वाचकास माहीत असतील असे गृहीत धरलेले. दूरच्या गावी ज्याने ती पेटी विकत घेतली, त्याने शंका विचारावी कोणाला? या अडचणीतूनच मासिके जन्मास आली. नियमपुस्तक जर निर्दोष असते, तर माझ्या घरी हे खोके आलेच नसते.

प्रथम १९७५ च्या वसंतात कंपनीचे 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' निघाले. पहिला अंक अवघा सहा पानांचा. जून १९७६ मध्ये त्याची जागा 'द ड्रॅगन'ने घेतली. त्याच १९७५ साली लॉस एंजेलिस येथे ली गोल्ड या बाईंनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' सुरू केले. त्याची रीत मला फार आवडली. प्रत्येक लेखकाने आपली पाने स्वतः सिद्ध करावयाची, त्यांतच मागील अंकातील इतरांच्या लेखनास उत्तरे द्यावयाची, आणि संपादिकेने सर्वांची पाने एकत्र बांधून टपालाने धाडावयाची. आपल्या शाळांतून हस्तलिखित मासिके निघत, त्यांचेच हे मोठे भावंड. बाईंनी हा उद्योग जवळजवळ पन्नास वर्षे चालविला.

इंग्लंडात इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तिघा मित्रांनी १९७५ साली 'गेम्स वर्कशॉप' ही संस्था काढली. त्यांचे 'आउल अँड वीझल' हे साधे वार्तापत्र होते. त्यातून जून १९७७ मध्ये 'व्हाइट ड्वार्फ' उभे राहिले. माझ्या खोक्यात निम्म्याहून अधिक अंक याचेच आहेत.

आता या अंकांत असे काय? प्रथमदर्शनी मलाही प्रश्न पडला. राक्षसांची चित्रे, फाशांच्या जाहिराती, भुयारांचे नकाशे. जाहिरातीतील फासेही मौजेचे. त्या काळी काहींवरील आकडे नुसते कोरलेले असत, आणि ते दिसावेत म्हणून मुलांनी मेणाचा खडू घासून खाचा भरावयाच्या. परंतु चारदोन अंक लक्षपूर्वक वाचल्यावर माझ्यातील जुना मास्तर जागा झाला. उंच कड्यावरून पडलेल्या वीरास किती इजा व्हावी, हा वाद 'ड्रॅगन'मध्ये निघाला. एकाने पडणाऱ्या पदार्थाच्या वेगाचे गणित मांडले. दुसऱ्याने म्हटले, वेग नव्हे, आघाताची शक्ती मोजा. वीर खोटा, कडा खोटा. गणित मात्र खरे! वर्गात हाच भाग शिकविताना मागच्या बाकांवर जांभया दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

'व्हाइट ड्वार्फ'मध्ये 'फीन्ड फॅक्टरी' नावाचे एक सदर होते. वाचकांनी स्वतः कल्पिलेले राक्षस धाडावयाचे, डॉन टर्नबुल या संपादकांनी निवडून ते छापावयाचे. चार्ल्स स्ट्रॉस नावाच्या एका मुलाचे 'गिथयांकी' हे राक्षस १९७९ साली तेथे छापले गेले. त्या वेळी तो पुरता पंधरा वर्षांचाही नसेल. त्यांचे नाव त्याने जॉर्ज मार्टिन यांच्या एका कादंबरीतून उचलले होते, ही चोरी आपण मुलाच्या वयाकडे पाहून माफ करू. १९८१ मध्ये अशा निवडक राक्षसांचा ग्रंथ निघाला तेव्हा मुखपृष्ठावर त्याच्याच गिथयांकीचे चित्र होते. हा मुलगा पुढे नावाजलेला कादंबरीकार झाला. कॅनडातील एड ग्रीनवुड हे ग्रंथालयात काम करीत. लहानपणापासून मनात रचलेल्या एका काल्पनिक देशाच्या हकिकती ते १९७९ पासून 'ड्रॅगन'ला धाडू लागले; तो देश पुढे १९८७ साली 'फरगॉटन रेल्म्स' या नावाने खेळाचाच एक भाग झाला. लेख धाडणारा वाचक आणि छापणारा संपादक यांच्यामधील उंबरठा किती सखल होता, हे यावरून दिसते.

एक हकिकत मात्र मनास चटका लावून जाते. 'ड्रॅगन'च्या शेवटच्या पानांवर डेव्हिड ट्रॅम्पियर यांची 'वर्मी' ही चित्रमालिका येत असे. वर्मी हा बिलियर्ड खेळणारा, चिरूट ओढणारा एक ड्रॅगन. रंग इतके सुरेख, की आज चाळीस वर्षांनीही पान उलटवत नाही. १९८८ च्या वसंतात ही मालिका कथेच्या ऐन मध्यावर थांबली, आणि चित्रकारही दिसेनासे झाले. वाचकांनी अनेक तर्क केले. कित्येकांस ते वारले असेच वाटले. २००२ साली इलिनॉय प्रांतातील एका विद्यार्थी वृत्तपत्राने तेथील टॅक्सीचालकावर लेख छापला, तेव्हा तो चालक हेच गृहस्थ निघाले. ते पुन्हा या व्यवसायात परतले नाहीत, आणि २०१४ मध्ये निवर्तले. वर्मीची कथा आहे तेथेच उभी आहे. माझ्या पुतण्याने ते शेवटचे पान मला उघडून दाखविले आणि काही न बोलता मिटले.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'व्हाइट ड्वार्फ' आपल्याच कंपनीच्या धातूच्या बाहुल्यांपुरते उरले. इतरांच्या खेळांस त्यात जागा राहिली नाही. 'ड्रॅगन'च्या पहिल्या अडीचशे अंकांचा संच १९९९ मध्ये तबकड्यांवर निघाला. परंतु चित्रमालिका व कथा पुन्हा छापण्याचे हक्क कोणाचे, यावरून तंटा झाला. छापील 'ड्रॅगन' सप्टेंबर २००७ मध्ये ३५९ व्या अंकाने संपला.

आता त्या हसण्याकडे वळतो.

माझे थोरले बंधू १९६७ साली इंग्लंडात गेले आणि मिडलंड्स भागातील एका गावी स्थिरावले. त्यांच्या मुलास शाळेत सोबती नव्हते. वर्णावरून त्यास काय काय ऐकावे लागे, हे त्याने घरी कधी सांगितले नाही. 'व्हाइट ड्वार्फ'मध्ये 'हेल्प' या मथळ्याखाली खेळास सोबती हवे असलेल्यांच्या लहान जाहिराती येत. त्यातील एका जाहिरातीवरून तो चार मैलांवरच्या एका मुलाकडे सायकलने गेला, आणि त्या घरी त्याला तिघे मित्र मिळाले.

त्या वर्षांत या खेळाविरुद्ध मोठा गवगवा चालू होता. १९७९ साली मिशिगनमधील एक विद्यार्थी नाहीसा झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी खेळास दोष दिला होता. पुढे कारण निराळेच निघाले, पण दोष चिकटला तो चिकटलाच. खेळाने मुले सैतानाच्या नादी लागतात, असे काही धर्मोपदेशकही सांगत. दादांच्या कानांवर हे आले. १९८३ साली त्यांनी मला लिहिले: मुलगा शनिवारभर घराबाहेर असतो, राक्षसांच्या गोष्टी बोलतो, खाऊचे पैसे एका मासिकावर घालवितो, तू शिक्षक आहेस, काय करावे ते कळव. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, नोकरीस लागून फार दिवस झाले नव्हते, आणि माझा सल्ला सातासमुद्रांपलीकडून कोणी मागावा याचा मला अभिमान वाटला. ज्या मासिकाविषयी लिहीत होतो, त्याचे एक पानही मी पाहिले नव्हते. मी उलट टपाली उत्तर धाडले. दादांनी सल्ला तंतोतंत पाळला. सर्व अंक केरात गेले.

खेळ मात्र थांबला नाही. त्या मित्राच्या घरी तो चोरून चालू राहिला, आणि पुतण्या नोकरीस लागल्यावर त्याने तेच अंक जुन्या बाजारांतून एकेक करून पुन्हा विकत घेतले. त्यास वीस वर्षे लागली. ते चौघे मित्र आजही रविवारी संगणकावर भेटून खेळतात. एक ऑस्ट्रेलियात आहे, त्याच्या घरी त्या वेळी सोमवारची पहाट झालेली असते.

दादा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या कागदांत माझे ते निळे एअरोग्राम निघाले. पुतण्याने ते खोक्यात, १९८३ च्या एका अंकात, सोबती हवे असलेल्यांच्या पानावर खूण म्हणून घालून आणले होते. मी चष्मा लावून वाचले. अक्षर वळणदार, शुद्धलेखन निर्दोष. "असल्या वाङ्मयाने मुलाची कल्पनाशक्ती विकृत होऊन तो एकलकोंडा होईल, सबब ते घरातून तत्काळ काढून टाकावे."

"काका, तुम्ही तेव्हा फार लहान होता," पुतण्या म्हणाला.

मी उत्तर दिले नाही. ते पत्र त्याच पानावर ठेवले आहे. परवा नातीस घेऊन तो आम्हांला खेळावयास बसविणार आहे. मला त्याने मांत्रिकाचे पात्र दिले आहे, आणि फाशाच्या खाचांत भरण्यासाठी मी वाण्याकडून मेणाच्या खडूंची पेटी आणून ठेवली आहे.